गोळी, स्पर्धा-पिस्तुलाची

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांच्या नेमबाजी-स्पर्धांसाठी वापरावयाची आणि नेमबाजाने एकदा उडविलेल्या पितळी पुंगळीत पुन्हा स्वतःच्या हाताने बसविलेली शिशाची अथवा धातूचे आवरण असलेली गोळी. काडतुसाचे घटक चार : पुंगळी, तिच्या बुडातील ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी. टोपी, दारू व गोळी ही दर बाराला खर्ची पडतात. पुंगळी मात्र अनेक वेळा वापरता येते. पुंगळीची किंमत अशा रीतीने अनेक बारांवर विभागली गेली, की पुनर्भरण करणाऱ्याच्या खर्चाचा मोठा भाग गोळीकडे जातो. टोपी व दारू तो स्वतः बनवीत नाही. गोळी मात्र बनवू शकतो किंवा अनेक प्रकारांतून निवडू शकतो. नेमबाजाला आठवड्याला पन्नास बारांचा सराव परवडतो की पाचशे, हे बहुधा या निवडीवर अवलंबून राहिले आहे. स्वस्त गोळी ढोबळ आणि महाग गोळी अचूक, असा सर्वसाधारण समज आढळतो. पिस्तुलाच्या बाबतीत गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या समजाला फारसा पाठिंबा देत नाही.

ठासणीच्या बंदुकांच्या काळी गोळी स्वतः ओतणे हा काटकसरीचा भाग नसून नित्याचा व्यवहार होता. सॅम्युएल कोल्ट यांच्या रिव्हॉल्व्हरांच्या पेटीत दारूच्या बुधल्याबरोबर गोळीचा साचाही असे. धातूची काडतुसे प्रचारात आल्यावर हा व्यवहार खुंटण्याचा संभव होता. परंतु १८६६ च्या सुमारास टोपीच्या दोन रचना पुढे आल्या व त्यांनी पुनर्भरणाचे भवितव्य ठरविले. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत टोपीचा आघात झेलणारी ऐरण टोपीतच असून पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्या छिद्रातून सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण पुंगळीचाच भाग असते व छिद्रे कडेला असतात. त्यामुळे टोपी काढणे जिकिरीचे होते. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची यूरोपात. घरगुती पुनर्भरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत अधिक फोफावले, त्याच्या कारणांपैकी हे एक होय.

जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे ‘आयडियल’ ही कंपनी काढली. तिचे पकडीसारखे एक अवजार पुनर्भरणाची बहुतेक कामे उरके आणि त्याच्या काही नमुन्यांत गोळीचा साचाही जोडलेला असे. कंपनीच्या हस्तपुस्तिकांनी साचे, मिश्रधातू आणि वंगण यांविषयीची माहिती सामान्य नेमबाजांपर्यंत पोहोचविली. पुढे ही कंपनी १९१० मध्ये मार्लिनकडे व १९२५ मध्ये लायमनकडे गेली.

आरंभीच्या अनेक रिव्हॉल्व्हर-गोळ्यांचा बाहेर दिसणारा भाग पुंगळीइतक्याच व्यासाचा असून त्यांचे वंगण उघडे राही. त्याला धूळ चिकटे व ती धूळ नळीत जाई. रशियन सरकारच्या मागणीवरून स्मिथ अँड वेसन कंपनीने १८७० नंतर तयार केलेल्या .४४ रशियन काडतुसात वंगणाच्या खाचा पुंगळीच्या आत झाकल्या गेल्या. हे काडतूस लवकरच लक्ष्यवेधाच्या अचूकतेसाठी नावाजले. याच वळणाचे .३८ स्पेशल हे काडतूस त्या कंपनीने शतकाच्या अखेरीस आणले. त्याची मूळ गोळी गोल नाकाची, १५८ ग्रेन (सु. १०.२ ग्रॅ.) वजनाची होती. नावात .३८ असले, तरी गोळीचा प्रत्यक्ष व्यास .३५८ इंचाच्या आसपास असतो. नवशिक्या पुनर्भरकाला प्रथम गोंधळात टाकणारी बाब हीच असते.

तळाचे महत्त्व : गोळीचे नाक डोळ्यांत भरते, म्हणून अचूकता नाकात असते असे वाटणे साहजिक आहे. मॅसॅचूसेट्समधील डॉ. फ्रँक्लिन मान यांनी अनेक वर्षे रायफलीच्या गोळ्यांवर प्रयोग करून त्यांचे फलित १९०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी गोळ्यांची नाके आणि तळ मुद्दाम बिघडवून त्या झाडून पाहिल्या. नाकाच्या बिघाडाने फारसे बिघडत नाही, तळाच्या बिघाडाने मात्र गोळी भरकटते, असे त्यांना आढळले. याचे कारण गोळी नळीच्या तोंडाशी येते त्या क्षणात आहे. तळ नळीबाहेर पडताना मागचा वायू त्याच्या कडेने निसटतो. तळ नळीच्या अक्षाशी काटकोनात व अखंड असेल, तर वायू सर्व बाजूंनी एकदम सुटतो. एका बाजूला खोक असेल, तर तेथून तो आधी सुटून गोळीला तिरका धक्का देतो. स्वस्त गोळी पारखताना जाणता नेमबाज ती प्रथम उलटी करून पाहतो, ते यामुळे. साच्यातील धातू वा साचा पुरेसा तापलेला नसेल, तर तळाच्या कडा गोलसर राहतात. अशा गोळ्या बाजूला काढून पुन्हा वितळविणे यातच ओतणाऱ्याची खरी मेहनत असते. धातू वाया जात नाही, वेळ जातो.

तळानंतर व्यासाचा क्रम लागतो. शिशाची गोळी नळीच्या आट्यांच्या तळापर्यंत मोजलेल्या व्यासापेक्षा सामान्यतः एक सहस्रांश इंचाने मोठी असावी लागते. ती लहान पडली, तर तप्त वायू कडेने पुढे घुसून शिसे कापतो व नळीत शिशाचा थर साचतो. हा थर बसल्यावर उत्तम गोळीही निरुपयोगी ठरते. अनेकांनी यावर उपाय म्हणून अधिक कठीण मिश्रधातू वापरला आणि थर आणखी वाढलेला पाहिला. कारण कठीण गोळी मंद वेगाच्या अल्प दाबाखाली फुगून नळीला घट्ट बसत नाही. मंद काडतुसाला मऊ गोळी व मापाचा व्यास, हा धडा प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागला.

वॉडकटर : गोल नाकाची गोळी कागदी लक्ष्याला छिद्र पाडताना कागद फाडते आणि दुमडते, छिद्र गोळीपेक्षा लहान व त्याची कड अस्पष्ट राहते. स्पर्धेच्या नियमांनुसार छिद्राची कड वरच्या वलयाच्या रेषेला लागली, तरी वरचे गुण मिळतात. म्हणून सपाट तोंडाची, दंडगोलाकृती गोळी स्पर्धकांनी स्वीकारली. छिद्रकाने पाडावे तसे स्वच्छ व पूर्ण व्यासाचे भोक ती पाडते. या गोळीस वॉडकटर म्हणतात. सपाट नाकाच्या गोळीचा एक समांतर इतिहास लष्करातही घडला : ब्रिटिशांच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी १८९८ मध्ये स्वीकारलेली पोकळ तोंडाची दंडगोलाकृती गोळी १८९९ च्या हेग घोषणेनंतर मागे घ्यावी लागली. ज्या घोषणेने ती मागे पडली, तिच्यामागे कलकत्त्याजवळील दमदम येथील कारखान्यात तयार झालेल्या मऊ नाकाच्या रायफल-गोळीचा वाद होता. कागदावर मात्र सपाट नाकाला कोणाचीच हरकत नव्हती.

.३८ स्पेशलमध्ये १४८ ग्रेन (सु. ९.६ ग्रॅ.) वजनाची वॉडकटर रूढ झाली. तिची योग्यता केवळ छिद्रापुरती नाही. ही पुंगळी काळ्या दारूच्या आकारमानाला अनुसरून केलेली असल्याने धूरविरहित दारूच्या अल्प मात्रेनंतर तिच्यात बरीच जागा रिकामी राहते. वॉडकटर पुंगळीच्या तोंडापर्यंत आत बसविली जाते व ती रिकामी जागा व्यापते. त्यामुळे दारू प्रत्येक बारास अधिक एकसारखी पेटते. याच गुणात धोकाही आहे. खोल बसलेल्या गोळीमागे जागा थोडी उरते, मात्रेत झालेली चूक दाब झपाट्याने वाढविते आणि दारूची मात्रा इतकी लहान असते, की ती दोनदा पडली तरी पुंगळी ओसंडत नाही. रिव्हॉल्व्हरे फुटण्याच्या अपघातांत या चुकीचा वाटा मोठा मानला जातो. पुनर्भरणाच्या पुस्तकांत गोळीचे वजनच नव्हे, तर आकार आणि बसविण्याची खोलीही नेमून दिलेली असते, ती याच कारणाने.

कारखान्यातील वॉडकटर मऊ शिशाच्या तारेचे तुकडे थंड अवस्थेत साच्यात दाबून केली जाते व बहुधा तिचा तळ पोकळ असतो. पोकळीमुळे वजन पुढे सरकते आणि पातळ झालेली मागची कड वायूच्या दाबाने फुगून आट्यांत बसते. निरनिराळ्या नळ्यांतील व्यासांचा थोडाबहुत फरक अशा रीतीने आपोआप भरून निघतो. ही गोळी सेकंदाला सु. २१५ ते २३० मी. एवढ्या मंद वेगाने जाते. पन्नास यार्डांपलीकडे तिची स्थिरता ढासळू लागते, पण स्पर्धेचे अंतर तेवढेच असते. आवरण नाही, महाग धातू नाही, अल्प दारू. आणि तरीही शतकभर तिच्याहून अचूक रिव्हॉल्व्हर-गोळी शोधणे अवघड गेले. स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये केवळ या गोळीसाठी ‘मॉडेल ५२’ हे स्वयंभरणी पिस्तूल काढले. एरव्ही पिस्तुलासाठी गोळी केली जाते. येथे गोळीसाठी पिस्तूल झाले. ते १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत निघत होते.

स्वयंभरणी पिस्तुले : लष्करी स्वयंभरणी पिस्तुलांबरोबर आवरणयुक्त गोळी आली. पेटीतून नळीत वेगाने सरकताना मऊ शिसे चेपले जाण्याची भीती असते. त्यावर ताम्र-मिश्रधातूचे आवरण हा उपाय होता. अमेरिकन लष्कराच्या १९११ सालच्या .४५ पिस्तुलाची गोळी २३० ग्रेन (सु. १४.९ ग्रॅ.), गोल नाकाची व पूर्ण आवरणाची होती. हेच पिस्तूल अमेरिकन स्पर्धांचे मुख्य हत्यार ठरल्याने नेमबाजांपुढे दुहेरी अडचण उभी राहिली : लष्करी गोळी महाग आणि धक्का जबर. तिचे छिद्रही फाटके.

यातून मार्ग काढला तो अर्धवॉडकटर आकाराने. आयडाहोतील एल्मर कीथ यांनी सु. १९२८ मध्ये .४४ स्पेशलसाठी लायमन कंपनीकडून जो साचा करवून घेतला, त्याच्या गोळीला निमुळते, टोकाशी सपाट नाक आणि त्यामागे धारदार खांदा होता. कीथ यांचे लक्ष शिकार व लांबचा पल्ला यांवर होते. कागदावर स्वच्छ छिद्र पाडण्याचा गुण खांद्यामुळे अनायासे आला. .४५ पिस्तुलात हा आकार उत्तम उतरला, कारण पुढचे लांब नाक गोळीला नळीत वाट दाखविते व मागचा खांदा कागद कापतो. हेन्स्ली अँड गिब्ज यांच्या ६८ क्रमांकाच्या साच्यातील २०० ग्रेनची (सु. १३ ग्रॅ.) गोळी या वर्गाचा नमुना मानली जाते, पुढे अनेक व्यावसायिक ओतकामगारांनी तिच्याच प्रती विकल्या.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कँप पेरी येथे १९०७ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धांत पिस्तुलाची पूर्ण मालिका २,७०० गुणांची, म्हणजे २७० बारांची असते. त्यांपैकी नव्वद बार .२२ काडतुसाचे असतात, व ते पुन्हा भरता येत नाही. उरलेले १८० बार अनेक जण एकाच .४५ पिस्तुलाने पूर्ण करतात. २०० ग्रेनच्या गोळीने १८० बार म्हणजे सु. २.३ किग्रॅ. शिसे, आणि हे एका स्पर्धेचे, सरावाचे नव्हे. या १८० बारांपैकी साठ ५० यार्डांवरून व एकशेवीस २५ यार्डांवरून झाडावयाचे असतात. दोन्ही अंतरांवर दहा गुणांच्या वलयाचा व्यास ३.३६ इंच (सु. ८५ मिमी.) असतो. म्हणजे निम्म्या अंतरावर तेवढीच गोळी दुप्पट पसरली, तरी चालते. या साध्या भूमितीतून दोन काडतुसांची पद्धत रूढ झाली : जवळच्या रेषेसाठी ओतीव शिशाची स्वस्त गोळी आणि दूरच्या रेषेसाठी १८५ ग्रेनची पोकळ नाकाची आवरणयुक्त गोळी. दोनतृतीयांश बारांवर काटकसर होते आणि गुण घटत नाहीत. पोकळ नाकाचीच गोळी का, याचे उत्तर पुन्हा तळाशी आहे. पूर्ण आवरणाच्या लष्करी गोळीचे आवरण नाकाकडून तळाकडे ओढलेले असल्याने तिच्या तळाशी शिसे उघडे व कड वळविलेली असते. पोकळ नाकाच्या गोळीचे आवरण तळाकडून सुरू होते, म्हणून तिचा तळ बंद व सपाट राहतो. मान यांच्या निष्कर्षाला येथे बाजाराची किंमत लागलेली दिसते.

मिश्रधातू : शुद्ध शिसे साच्यात नीट भरत नाही. त्यात कथील मिसळल्यास ते प्रवाही होते, अँटिमनी मिसळल्यास कठीण होते. लायमनच्या ‘क्रमांक २’ या मिश्रधातूत शिसे ९०, कथील ५ व अँटिमनी ५ टक्के असते. एवढे कथील विकत घेणे परवडत नसल्याने पुनर्भरकांनी भंगाराकडे मोर्चा वळविला. त्यांचे दोन मोठे झरे होते. पहिला छापखान्यांचा : ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत सु. १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असे, आणि झिजलेला धातू पाकळीच्या भावाने मिळे. दुसरा मोटारींच्या चाकांचा तोल साधण्यासाठी रिमला ठोकलेल्या शिशाच्या वजनांचा. दोन्ही झरे आटत गेले. द न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने २ जुलै १९७८ रोजी तप्त धातूची जुळणी थांबविली. इतर छापखान्यांची वाटचालही तशीच झाली. चाकांची शिशाची वजने नव्या मोटारींवर वापरण्यास यूरोपीय संघाने २००५ पासून बंदी केली. अमेरिकेतील खनिजापासून शिसे गाळणारी शेवटची भट्टी, मिझूरी राज्यातील हर्क्युलेनियम येथील, २०१३ च्या अखेरीस बंद झाली. तेव्हापासून घरी गोळी ओतण्यात पूर्वीइतकी बचत राहिली नाही, आणि अनेकांनी ओतीव गोळ्या थेट व्यावसायिकांकडून घेणे पसंत केले.

विकतच्या गोळ्यांचा धंदा मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतून उभा राहिला. व्हर्नन स्पिअर (१९४३) आणि जॉइस हॉर्नडी (१९४९) यांनी काढलेल्या कंपन्या आजही प्रमुख आहेत. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन यांनी उडविलेल्या .२२ पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणे करण्याचे साचे विकले. टाकाऊ वस्तूंतून गोळी करण्याचे हे टोक होय.

आरोग्य आणि नवे लेप : शिशाच्या गोळीची खरी किंमत केवळ पैशात मोजून चालत नाही, हे उशिरा उमगले. बंदिस्त नेमबाजी-गृहांत टोपीतील शिशाचे संयुग आणि गोळीच्या उघड्या तळावरून उडणारे कण हवेत मिसळतात. अमेरिकेत १९७८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हवेतील शिशाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली. पुनर्भरकाच्या घरात धोका वितळलेल्या शिशापेक्षा धुळीतून अधिक येतो : उडविलेल्या पुंगळ्या कोरड्या भुश्यात घोळून चमकविताना आतील काजळी उडते, आणि तीत शिसे असते. स्वयंपाकघराच्या टेबलावर हे काम करणाऱ्या पिढीला याची जाणीव नव्हती. घरातील लहान मुलांना त्याची झळ अधिक पोहोचते.

यावर तोडगा म्हणून दोन मधले प्रकार पुढे आले. एकात दाबून केलेल्या मऊ गोळीवर विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ मुलामा चढवितात. ती आवरणयुक्त गोळीपेक्षा स्वस्त आणि हाताळण्यास स्वच्छ असते, परंतु पुंगळीचे तोंड जरा जास्त आवळले, की मुलामा कापला जातो. ५० यार्डांवर तिचा अनुभव संमिश्र आहे. दुसऱ्यात ओतीव गोळीवर बहुवारिकाचा लेप भट्टीत भाजून बसवितात. वंगणाची व त्याच्या धुराची गरज संपते आणि किंमत ओतीव गोळीच्या आसपास राहते. २०१० नंतर हा प्रकार झपाट्याने पसरला, विशेषतः गतिमान स्पर्धांत. तेथे हिशेब वेगळा असतो. १९७६ मध्ये मिझूरीतील कोलंबिया येथे स्थापन झालेल्या व्यवहारोपयोगी नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत गोळीचे ग्रेनमधील वजन व सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार किमान १,२५,००० भरावा लागतो. ११५ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सु. १,०८७ फुटांचा वेग हवा, १४७ ग्रेनच्या गोळीला सु. ८५१ फुटांचा. जड व मंद गोळीचा धक्का अनेकांना सौम्य वाटतो, म्हणून शिसे जास्त लागूनही ती निवडली जाते. लक्ष्य मोठे व जवळ असल्याने तेथे अचूकतेपेक्षा न अडकता आत सरकणे महत्त्वाचे ठरते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मी. सेंटर-फायर पिस्तूल प्रकारात मात्र जुनी गोळी नियमानेच टिकून आहे. तेथे ७.६२ ते ९.६५ मिमी. व्यासाची हत्यारे चालतात. गोळी शिशाची वा तशाच मऊ पदार्थाची असावी लागते, आवरणयुक्त चालत नाही. बहुतेक स्पर्धक .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसातील सु. १०० ग्रेनची वॉडकटर वापरतात. साठ बारांपैकी पहिले तीस संथ असून दहा गुणांचे वलय ५० मिमी. व्यासाचे असते. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धांत याच प्रकारात सुवर्णपदके मिळविली. भारतात लष्करासाठी काडतुसे बनविणारा पुण्याजवळील खडकी येथील कारखाना १८६९ पासून आहे. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक असल्याने घरोघरी काडतुसे भरण्याची अमेरिकन परंपरा येथे निर्माण झाली नाही. भारतीय स्पर्धकाला गोळीची निवड साच्याच्या वा वजनाच्या रूपात न करता आयात केलेल्या तयार काडतुसांच्या खोक्यांतून करावी लागते, आणि सरावाच्या बारांची संख्या त्या खोक्यांच्या उपलब्धतेनुसार ठरते.